फाइल आत्ता कुठे आहे? स्प्रिंग बूटमध्ये मल्टिपार्ट अपलोड, पायरीपायरीने

"साहेब, फोटो चढतोय, पण सातबारा चढत नाही."

एका पतसंस्थेच्या कर्जअर्जाचं काम आम्ही केलं होतं. ते सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तिथल्या लिपिकबाईंचा हा फोन. फोटो होता ३०० केबीचा, सातबाऱ्याचा स्कॅन ४ एमबीचा. स्प्रिंग बूट, म्हणजे जावाच्या ज्या फ्रेमवर्कवर ते काम उभं होतं तो, आपणहून १ एमबीच्या वरची फाइल घेत नाही, हे मी विसरलो होतो. मर्यादा १० एमबी केली, नवी जार (ॲप्लिकेशनची बांधलेली फाइल) चढवली, फोन केला, "आता बघा." तरी चढेना. आमचा जावाचा कोड चालवणाऱ्या टॉमकॅट ह्या सर्व्हरच्या पुढे इंजिनएक्स हा रिक्वेस्ट आधी घेणारा वेब सर्व्हर उभा होता आणि त्याचीही मर्यादा १ एमबीच. तीही वाढवली, तेव्हा कुठे सातबारा चढला. पुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर फोटोसुद्धा चढेना झाला. ती गोष्ट ओघात येईलच.

अपलोडचा कोड चार ओळींचा असतो, तो कुठेही सापडतो. वेळ जातो तो एका प्रश्नापायी: ह्या क्षणी फाइलचे बाइट नेमके कुठे आहेत? ब्राउझरकडे, इंजिनएक्सच्या तात्पुरत्या फोल्डरात, टॉमकॅटच्या तात्पुरत्या फोल्डरात, जावाच्या हीपमध्ये, म्हणजे मेमरीत, की शेवटच्या ठिकाणी? प्रत्येक पायरीला हा प्रश्न विचारला की बहुतेक एरर आपसूक उलगडतात. पुढचं सगळं जावा १७, स्प्रिंग बूट ३ आणि त्याच्या पोटातला टॉमकॅट धरून लिहिलं आहे. क्लास आणि सेटिंग्जची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. आयडीईत पहिली चार अक्षरं टाकलीत की बाकीचं तो सुचवतो.

पाकिटात काय असतं

साधा फॉर्म पाठवला की ब्राउझर सगळी फील्डं एका ओळीत गुंफतो: नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत, मग अँपरसँड, मग पुढचं नाव. जी अक्षरं तशी पाठवता येत नाहीत त्यांचा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहावा लागतो, म्हणजे एकाचे तीन. पीडीएफ अशी पाठवली तर ती फुगून बसेल. ह्यावर १९९५ च्या नोव्हेंबरात आरएफसी १८६७ ह्या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तोडगा सुचवला, आणि आज लागू असलेला दस्तऐवज म्हणजे २०१५ चा आरएफसी ७५७८. कल्पना ईमेलच्या अटॅचमेंटवरून उचललेली आहे. एकाच पाकिटात अनेक कप्पे, आणि दोन कप्प्यांच्या मध्ये एक खूण, म्हणजे बाउंडरी.

ही खूण ब्राउझर दर वेळी नवी बनवतो आणि रिक्वेस्टच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये सांगून ठेवतो. मग बॉडीत दोन आडव्या रेघा आणि खूण, त्याखाली त्या कप्प्याचे हेडर, त्याखाली एक रिकामी ओळ, आणि मग माल. शेवटच्या खुणेनंतर आणखी दोन आडव्या रेघा आल्या की पाकीट संपलं. कप्प्याच्या कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये दोन गोष्टी असतात: फील्डचं नाव आणि, फाइल असेल तर, फाइलचं नाव. सर्व्हर फाइल आणि साधं फील्ड ह्यांतला फरक ह्या दुसऱ्या नावावरूनच ओळखतो.

बाकी काही नाही. पण एवढं डोळ्यांसमोर असेल तर "बाउंडरी सापडली नाही" हा एरर वाचून गोंधळ होत नाही.

पायरी १: फॉर्म

एचटीएमएल फॉर्मला दोन गोष्टी लागतात: मेथड पोस्ट, आणि एनकटाइप मल्टिपार्ट फॉर्म-डेटा. दुसरी विसरलात तर ब्राउझर तक्रारसुद्धा करत नाही. ब्राउझर फाइलऐवजी नुसतं तिचं नाव पाठवतो आणि सर्व्हरला वाटतं फाइल आलीच नाही.

जावास्क्रिप्टमधून पाठवताना नेमकी उलटी चूक होते. फॉर्मडेटा ऑब्जेक्ट भरला, फेच केलं, आणि सवयीने कंटेंट-टाइप हेडर हातानेच लिहिला. आपण लिहिलेल्या हेडरमध्ये बाउंडरी नसते, कारण ती आपल्याला ठाऊकच नाही. ती बनवणार ब्राउझर, आणि त्याला आपण हात बांधून बसवलं. तो हेडर काढून टाका, एवढंच. माझ्याकडे शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने ही चूक केली आहे. मीही.

पायरी २: आधी नुसता सर्व्हलेट

थेट स्प्रिंगकडे न जाता एक छोटा सर्व्हलेट, म्हणजे रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारा जावाचा साधा क्लास, लिहून बघा. अर्धा तास जाईल, पण स्प्रिंग आत काय करतं ते कळेल.

२००९ च्या डिसेंबरात आलेल्या सर्व्हलेट ३.० पर्यंत जावात अपलोडची सोयच नव्हती. लोक अपाची कॉमन्स फाइलअपलोड ही लायब्ररी जोडत. ३.० मध्ये मल्टिपार्टकॉन्फिग हे ॲनोटेशन आलं आणि रिक्वेस्टवर गेटपार्ट आणि गेटपार्ट्स ह्या मेथड्स आल्या. तरी फाइलचं नाव मिळवायला हेडर हाताने चिरावा लागायचा. गेटसबमिटेडफाइलनेम ही मेथड २०१३ च्या ३.१ मध्ये आली. जुन्या कोडमध्ये अवतरणचिन्हं शोधत फिरणारं एखादं गबाळं फंक्शन दिसलं तर ते त्या मधल्या चार वर्षांतलं समजा, आणि बिनदिक्कत काढून टाका.

ॲनोटेशनला चार खुंट्या आहेत: लोकेशन, फाइलसाइझथ्रेशोल्ड, मॅक्सफाइलसाइझ, मॅक्सरिक्वेस्टसाइझ. शेवटच्या दोन्हींची मूळ किंमत उणे १, म्हणजे मर्यादाच नाही. नुसत्या सर्व्हलेटमध्ये ह्या भरल्या नाहीत तर कोणीही तुमची डिस्क भरू शकतो. स्प्रिंग बूट ह्याच चार खुंट्यांना स्वतःच्या किमती लावतो, वेगळं काही करत नाही.

पायरी ३: कंट्रोलर

स्प्रिंग बूटमध्ये वेब स्टार्टर जोडला की मल्टिपार्ट चालूच असतं. कंट्रोलरमध्ये पोस्टमॅपिंग लावलेली मेथड लिहा, तिला रिक्वेस्टपॅराम लावलेला मल्टिपार्टफाइल प्रकारचा एक पॅरामीटर द्या. पॅरामीटरचं नाव फॉर्ममधल्या इनपुटच्या नेमशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर ४०० (चुकीची रिक्वेस्ट), आणि "आवश्यक पार्ट नाही" अशी तक्रार. अनेक फाइल्स हव्यात तर मल्टिपार्टफाइलची लिस्ट घ्या.

पाचव्या आवृत्तीपर्यंतच्या स्प्रिंगवरून सहाव्यावर येणाऱ्यांसाठी: कॉमन्समल्टिपार्टरिझॉल्व्हर आता नाही. स्टँडर्डसर्व्हलेटमल्टिपार्टरिझॉल्व्हर वापरा, म्हणजे खरं तर काहीच करू नका, बूट तोच लावतो.

मेथडच्या आत पहिली तपासणी इझएम्प्टी. वापरकर्त्याने फाइल निवडलीच नाही तरी ब्राउझर एक रिकामा कप्पा पाठवतो, त्यामुळे नल तपासून भागत नाही.

आणि गेटबाइट्स वापरू नका. ही मेथड सगळी फाइल हीपमध्ये ओतते. एकट्याने चाचणी घेताना काही बिघडत नाही. पण शेवटच्या तारखेला ५० जण एकदम १० एमबीची पीडीएफ चढवू लागले की ५०० एमबी हीप नुसत्या बाइटच्या ॲरेंनी भरतो. गेटइनपुटस्ट्रीम किंवा ट्रान्सफरटू वापरा. बाइट डिस्कवर आहेत, त्यांना तिथेच राहू द्या.

पायरी ४: मर्यादा, एक एक दार

ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये दोन मुख्य ओळी: स्प्रिंग डॉट सर्व्हलेट डॉट मल्टिपार्ट डॉट मॅक्स-फाइल-साइझ, आणि त्याच घराण्यातली मॅक्स-रिक्वेस्ट-साइझ. पहिलीची मूळ किंमत १ एमबी, दुसरीची १०. पहिली एका फाइलची मर्यादा, दुसरी अख्ख्या पाकिटाची. दोन्ही १० एमबी ठेवल्यात तर बरोबर १० एमबीची फाइल अडकते, कारण खुणा, हेडर आणि बाकीची फील्डंही पाकिटात मोजली जातात. दुसरी नेहमी सैल ठेवा. अर्जात तीन कागदपत्रं असतील आणि प्रत्येकाला १० एमबी दिलेत, तर पाकिटाला ३२ द्या. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत स्प्रिंग डॉट एचटीटीपी डॉट मल्टिपार्टने सुरू होणारी नावं दिसतील. ती बूट १ च्या काळातली. आज लिहिलीत तर बूट मुकाट्याने दुर्लक्ष करतो, तक्रारसुद्धा करत नाही.

त्याच्या पुढचं दार इंजिनएक्सचं. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ ही त्याची ओळ, मूळ किंमत १ एमबी. ह्या दारावर अडलेली रिक्वेस्ट जावापर्यंत पोचतच नाही, म्हणून जावाच्या लॉगमध्ये तिचा मागमूस नसतो. माझा पहिला तास असाच रिकाम्या लॉगकडे बघण्यात गेला. खूण लक्षात ठेवा: ४१३ (मजकूर फार मोठा) आला, पान बिनसजावटीचं पांढरं आहे आणि खाली इंजिनएक्सचं नाव आहे, तर जावात शोधू नका. फ्रंटएंड वेगळ्या डोमेनवर असेल तर आणखी मजा. इंजिनएक्सच्या त्या ४१३ ला आपले सीओआरएसचे (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारे) हेडर नसतात, त्यामुळे ब्राउझर सीओआरएसच्या नावाने बोंब मारतो आणि आपण भलत्याच सेटिंगमागे दिवस घालवतो.

इंजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये आणखी एक करतो. अख्खी बॉडी स्वतःकडे गोळा करतो, मोठी असेल तर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो, आणि पूर्ण झाल्यावरच टॉमकॅटला देतो. खेड्यातून २जीवर चढणाऱ्या सातबाऱ्यासाठी हे चांगलंच आहे, कारण तेवढा वेळ टॉमकॅटचा थ्रेड अडकून पडत नाही. पण हिशेब करा: फाइल आधी इंजिनएक्सच्या फोल्डरात, मग टॉमकॅटच्या, मग शेवटच्या ठिकाणी. एक फाइल तीनदा डिस्कवर. डिस्कची जागा धरताना हे धरा.

तिसरं दार टॉमकॅटचं स्वतःचं, आणि ते सगळ्यात फसवं. फाइल मोठी निघाली म्हणून टॉमकॅटने नकार दिला, तरी ब्राउझर बिचारा अजून पाठवतोच आहे. तो थांबेपर्यंत उरलेले बाइट वाचून फेकून द्यावे लागतात, तरच नकाराचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचतं. टॉमकॅट असे २ एमबीपर्यंत गिळतो. त्याहून जास्त उरले असतील तर सरळ कनेक्शन तोडतो. म्हणजे तुम्ही छान मराठीत संदेश लिहून ठेवलेला, आणि वापरकर्त्याला दिसतं "कनेक्शन रीसेट झालं". सर्व्हर डॉट टॉमकॅट डॉट मॅक्स-स्वॉलो-साइझ ही ती खुंटी. ती उणे १ केली की मर्यादा जाते, पण मग कोणीही तुम्हाला तासभर बाइट भरवत बसू शकतो. पुढे इंजिनएक्स असेल तर त्याची मर्यादा टॉमकॅटपेक्षा थोडीच वर ठेवा आणि गिळण्याची हद्द तेवढीच करा. हा मला सगळ्यात समंजस मार्ग वाटतो.

कप्प्यांच्या संख्येवरही आता बंधन आहे. २०२३ च्या सुरुवातीला कॉमन्स फाइलअपलोडमधली सीव्हीई-२०२३-२४९९८ ह्या क्रमांकाची सुरक्षात्रुटी जाहीर झाली. एका पाकिटात किती कप्पे, ह्याला काही सीमाच नव्हती, आणि लाखभर चिमुकले कप्पे पाठवून सर्व्हर बसवता यायचा. टॉमकॅटच्या पोटात त्याच लायब्ररीची प्रत आहे. २०२५ च्या जूनमध्ये टॉमकॅटने मॅक्सपार्टकाउंट ही मर्यादा आणली आणि मूळ किंमत ठेवली फक्त १०. पुढे ती ५० केली, पण तेवढ्यात लांबलचक फॉर्म असलेल्यांची तारांबळ उडायची ती उडालीच. लक्षात घ्या, कप्पा म्हणजे फक्त फाइल नव्हे, नाव, पत्ता, गट क्रमांक हे प्रत्येक फील्डसुद्धा एक कप्पा. किरकोळ आवृत्ती वाढवल्यावर फॉर्म अचानक मोडला, तर आधी फील्डं मोजा.

पायरी ५: नकार माणसाच्या भाषेत

मर्यादा ओलांडली की स्प्रिंग मॅक्सअपलोडसाइझएक्सीडेडएक्सेप्शन फेकतं. ते पकडायला कंट्रोलरमध्येच एक्सेप्शनहँडलर लिहिलात तर तो चालणार नाही. पाकीट उघडलं जातं ते कोणत्या कंट्रोलरकडे द्यायचं हे ठरण्याच्या आधी, त्यामुळे तुमचा कंट्रोलर चित्रात आलेलाच नसतो. हँडलर कंट्रोलरॲडव्हाइस लावलेल्या वेगळ्या क्लासमध्ये ठेवा, उत्तर ४१३ द्या, आणि संदेशात आकडा लिहा. "फाइल खूप मोठी आहे" वाचून लिपिकबाई काय करणार? "फाइल १० एमबीपेक्षा लहान हवी, स्कॅन करताना २०० डीपीआय निवडा" असं लिहिल्यापासून आमचे फोन खरोखर कमी झाले.

पायरी ६: तात्पुरतं फोल्डर, आणि दिवाळीची गोष्ट

टॉमकॅट प्रत्येक कप्पा तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो. फाइल-साइझ-थ्रेशोल्ड मूळ ० असल्यामुळे अर्जदाराचं नाव असलेला वीस बाइटचा कप्पाही डिस्कवर जाऊन येतो. ही किंमत १६ केबी केलीत की साधी फील्डं मेमरीत राहतात आणि खऱ्या फाइल्स डिस्कवर. फुकटचा फायदा आहे, घ्या.

हे फोल्डर कुठे असतं? सांगितलं नाही तर लिनक्सच्या टीएमपी फोल्डरात, टॉमकॅट, पोर्ट आणि काही आकडे मिळून बनलेल्या नावाने. आता दिवाळी. आमचा सर्व्हर सेंटओएस ७ वर होता, बूट २ ची अगदी सुरुवातीची आवृत्ती. सुट्टीत अर्जच आले नाहीत. सेंटओएसवर सिस्टमडीची एक झाडूवाली सेवा असते, टीएमपीत १० दिवस हात न लागलेलं सगळं ती उचलून टाकते. तिने टॉमकॅटचं रिकामं फोल्डर उचललं. जावा चालू, पानं उघडतात, लॉगिन होतं, फक्त अपलोड केलं की ५००: तात्पुरती अपलोडची जागा वैध नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली की फोल्डर पुन्हा बनायचं आणि सगळं ठीक. म्हणून मी दोनदा रीस्टार्ट करून "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता" असं सांगितलं. तिसऱ्यांदा लाज वाटली आणि शोधलं.

नंतरच्या आवृत्त्यांत टॉमकॅटला फोल्डर नसेल तर बनवायला सांगितलेलं असतं. तरीही जागा स्वतः ठरवा: स्प्रिंग डॉट सर्व्हलेट डॉट मल्टिपार्ट डॉट लोकेशन, आणि ती शेवटच्या साठवणीच्याच डिस्कवर. ट्रान्सफरटूला जावाची फाइल दिलीत तर टॉमकॅट आधी तात्पुरत्या फाइलचं नुसतं नाव बदलून पाहतो. एकाच फाइलसिस्टमवर हे क्षणात होतं, वेगळ्या असतील तर सगळे बाइट कॉपी करावे लागतात. पाथ दिलात तर मात्र कॉपीच होते.

पत्ता पूर्ण द्या, मुळापासून. अर्धवट दिलात तर ट्रान्सफरटू तो प्रोजेक्टच्या नव्हे, तात्पुरत्या फोल्डराच्या सापेक्ष धरतो. "एरर नाही, पण फाइलही नाही" ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी हेच बघतो.

रिक्वेस्ट संपली की तात्पुरती फाइल जाते. म्हणून मल्टिपार्टफाइल असिंक मेथडकडे सोपवू नका. आपल्या मशीनवर तो थ्रेड आधी धावतो आणि सगळं चालतं, खऱ्या सर्व्हरवर तो उशिरा पोचतो आणि फाइल सापडत नाही. आधी फाइल पक्क्या जागी हलवा, मग मागच्या कामाला तिचा पत्ता द्या.

पायरी ७: नाव, आणि आपली देवनागरी

गेटओरिजिनलफाइलनेम जे देतं ते वापरकर्त्याने पाठवलेलं असतं. त्यात दोन टिंबं आणि तिरपी रेघ असं चारदा लिहून कोणी तुमच्या कॉन्फिगवर फाइल लिहू शकतो. तेव्हा साठवणीचं नाव आपलं, रँडम यूयूआयडी (दुसऱ्याशी न जुळणारा लांब ओळखक्रमांक). मूळ नाव फक्त डेटाबेसमध्ये, दाखवण्यापुरतं. फोल्डरही वेब सर्व्हर थेट वाढणार नाही असं.

आता जी गोष्ट मराठी साइट करणाऱ्यालाच भेटते. लोक फाइलला नाव देतात "सातबारा उतारा दुसऱ्या गटाचा". ब्राउझर ते यूटीएफ-८ मध्ये पाठवतो. बूटमध्ये कॅरेक्टरएन्कोडिंगफिल्टर यूटीएफ-८ सक्तीने लावतो, म्हणून ते नीट वाचलं जातं. नुसत्या सर्व्हलेटमध्ये मात्र रिक्वेस्टवर सेटकॅरेक्टरएन्कोडिंग आधी बोलावलं नाही तर नावाच्या जागी टोपी घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. "आधी" म्हणजे पहिलं गेटपॅरामीटर किंवा गेटपार्टच्या आधी. एकदा पाकीट उघडलं की मग एन्कोडिंग बदलून उपयोग नाही.

दुसरा मुद्दा लांबीचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइटचा. "महाराष्ट्र" हा शब्द काने आणि हलन्त धरून १० संकेतांचा, म्हणजे ३० बाइट. एक्स्ट४ ह्या लिनक्सच्या फाइलसिस्टमवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीत फक्त ८५ संकेत. "श्री. अमुक यांचा कर्जमागणी अर्ज व सोबतची कागदपत्रे अंतिम सुधारित" असलं कचेरीछाप नाव तिथवर सहज पोचतं. बहुतेक डेटाबेसांतला २५५ चा कॉलम अक्षरं मोजतो, फाइलसिस्टम बाइट. यूयूआयडीने साठवलंत तर ही कटकटच उरत नाही.

तिसरा मुद्दा मला दोन दिवस पडला: ऱ. "दुसऱ्या"मधला हा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकच तयार संकेत म्हणून, किंवा साधा र आणि त्याला नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जावाच्या इक्वल्सला मात्र ते दोन वेगळे शब्द. कीबोर्डनुसार, आणि जुन्या मॅकवरून फाइल आली असेल तर तिथल्या फाइलसिस्टममुळे, दुसरी तऱ्हा येते. आमच्याकडे "हे नाव आधीच आहे का" ही तपासणी त्यामुळे फसत होती आणि यादीत एकच नाव दोनदा दिसायचं. उपाय एका ओळीचा: डेटाबेसमध्ये टाकण्यापूर्वी जावाच्या नॉर्मलायझर क्लासने एनएफसी रूप करून घ्या. हे रूप र आणि नुक्त्याचा एक ऱ करतं.

डाउनलोड देताना नाव परत लावायचं असतं. हेडर हाताने जोडू नका. स्प्रिंगच्या कंटेंटडिस्पोझिशन क्लासला अटॅचमेंट सांगा, फाइलनेम देताना सोबत यूटीएफ-८ द्या, तो ताराचिन्हवालं रूप बरोबर बनवतो.

पायरी ८: आत खरंच पीडीएफ आहे का

कप्प्याचा कंटेंट-टाइप ब्राउझर सांगतो, आणि तो बहुधा नावाच्या शेपटीवरून ठरवतो. विश्वास ठेवण्यासारखं त्यात काही नाही. फाइलचे पहिले बाइट बघा. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि त्यापुढे पीडीएफ ह्या तीन रोमन अक्षरांनी सुरू होते. जेपेगचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५. पीएनजीचे १३७, ८०, ७८, ७१. जावात बाइटला चिन्ह असतं, त्यामुळे २५५ वाचल्यावर उणे १ दिसतो. तुलना करण्याआधी २५५ शी अँड करून घ्या. झिपची सुरुवात ८०, ७५ ने होते, पण वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाइल्सही आतून झिपच असतात, तिथे हाताने तपासणं पुरत नाही. फाइलचा खरा प्रकार ओळखणारी अपाची टिका ही लायब्ररी जोडा.

चित्रांबाबत आणखी एक. काहीशे केबींची पीएनजी उघडल्यावर २०,००० बाय २०,००० पिक्सेलची निघू शकते. प्रति पिक्सेल ४ बाइट धरले तर १६० कोटी बाइट, आणि सर्व्हर आडवा. इमेजआयओच्या रीडरकडून आधी नुसती रुंदी-उंची विचारा, मगच चित्र उघडा. एसव्हीजीत स्क्रिप्ट असू शकते, मी ती स्वीकारतच नाही.

आणि लायब्ररी अद्ययावत ठेवा. हे दर लेखात असतं म्हणून डोळे त्यावरून घसरतात, पण अपलोडच्या बाबतीत ह्याला इतिहास आहे. २०१७ च्या मार्चमध्ये स्ट्रट्स २ मधली सीव्हीई-२०१७-५६३८ जाहीर झाली. पाकीट उघडणाऱ्या पार्सरला कंटेंट-टाइप हेडर चुकीचा वाटला की तो एररचा संदेश बनवायचा, आणि त्या संदेशात हल्लेखोराने हेडरमध्ये लिहिलेलं एक्स्प्रेशन चक्क चालवलं जायचं. फाइल पाठवायचीही गरज नाही. दुरुस्ती त्याच महिन्यात आली होती. इक्विफॅक्स ह्या अमेरिकी पतमापन कंपनीने ती लावली नाही, मे महिन्यात तिथूनच घुसखोरी झाली आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

पायरी ९: फाइलसोबत जेसन

अर्जाचा तपशील जेसनमध्ये आणि कागदपत्रं वेगळ्या कप्प्यांत, असं हवं असेल तर तपशिलाच्या पॅरामीटरला रिक्वेस्टपॅराम नव्हे, रिक्वेस्टपार्ट लावा. मग स्प्रिंग त्या कप्प्याचं थेट ऑब्जेक्ट करून देतं, व्हॅलिड लावलं तर तपासूनही. अट एकच: त्या कप्प्याला स्वतःचा कंटेंट-टाइप हवा. जावास्क्रिप्टमधून नुसती स्ट्रिंग टाकलीत तर तो नसतो, स्प्रिंग त्याला ऑक्टेट-स्ट्रीम समजतं आणि ४१५ देतं. स्ट्रिंगऐवजी ब्लॉब बनवा आणि त्याचा टाइप ॲप्लिकेशन जेसन सांगा.

पायरी १०: चाचणी

युनिट टेस्टसाठी मॉकएमव्हीसीची मल्टिपार्ट मेथड आणि मॉकमल्टिपार्टफाइल पुरेसे आहेत. मॉकमल्टिपार्टफाइलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिलं नाव फील्डचं, दुसरं फाइलचं. उलटसुलट केलंत तर तोच "पार्ट नाही"चा ४००. पण इथे टॉमकॅट नसतो, म्हणून १०० एमबीची फाइल दिलीत तरी चाचणी हिरवी. मर्यादा तपासायच्या तर बूटची टेस्ट रँडम पोर्टवर खऱ्या टॉमकॅटसह चालवा, आणि इंजिनएक्ससाठी बाहेरून कर्ल ह्या कमांडने रिक्वेस्ट मारा. कर्लला मोठ्या एफचा पर्याय दिला, फाइलच्या पत्त्याआधी ॲटचं चिन्ह लावलं, की तो बाउंडरीसकट सगळं पाकीट स्वतः बांधतो. व्हीचा पर्याय जोडलात तर पाठवलेले आणि आलेले हेडर दिसतात.

कर्लने मी नव्या सर्व्हरवर नेहमी ह्या फाइल्स पाठवतो: शून्य बाइटची, मर्यादेपेक्षा एक बाइट मोठी, मर्यादेच्या पाचपट, जेपेगचं नाव पीडीएफ करून, आणि "दुसऱ्या" हे नाव नुक्त्यासकट आणि नुक्त्याविना. एक बाइट मोठीला ४१३ आणि मराठी संदेश, पाचपटवालीला कनेक्शन रीसेट न होता ४१३ आला पाहिजे. मग ११ दिवस थांबायला कोणाला वेळ असतो, म्हणून तात्पुरतं फोल्डर हाताने उडवतो आणि पुन्हा एकदा फोटो चढवून बघतो.